रायडिंग मोअर अडला? पेट्रोलच्या वाटेने तपासत जा

ऑक्टोबरात शेवटचं गवत कापून गॅरेजच्या कोपऱ्यात लावलेला रायडिंग मोअर (बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) एप्रिलमध्ये बाहेर काढावा, तर सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन काही चालू होत नाही. नाहीतर चालू होतं आणि दोन मिनिटांत मान टाकतं. अमेरिकेत घराभोवती अर्धा-एक एकर हिरवळ सांभाळणाऱ्यांना ही तक्रार दर वसंतात भेटते. मग व्हिडिओ बघून थेट कार्ब्युरेटर उघडला जातो किंवा नवा मागवला जातो. तेवढी घाई नको. टाकीचं झाकण, टाकी, नळी, फिल्टर, पंप, सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) असं सगळं ओलांडून पेट्रोल कार्ब्युरेटरला पोचतं. तो या वाटेवरचा शेवटचा थांबा आहे, म्हणून तपासायचाही शेवटी. याच क्रमाने गेलात तर बऱ्याचदा त्याला हातही लावावा लागत नाही.

इथली माहिती कार्ब्युरेटरवाल्या इंजिनांची आहे: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर, कावासाकी, एक सिलिंडर किंवा दोन. फ्युएल इंजेक्शनच्या मोअरमध्ये पेट्रोल बऱ्याच जास्त दाबाखाली असतं. त्याची नळी या पद्धतीने उपसू नका.

कामाला बसण्याआधी जागा बघा. अमेरिकन घरांत गॅसवर चालणारा वॉटर हीटर पुष्कळदा गॅरेजमध्येच असतो आणि काहींच्या तळाशी पायलटची ज्योत सतत जळत असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत तिथवर जाते. त्यामुळे मोअर ड्राइव्ह-वेवर ढकलून आणा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या, आणि नळी किंवा कार्ब्युरेटर उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मध्ये सेल्फ मारून बघायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरती जोडायची. डोळ्यांना गॉगल हवाच, कारण कार्ब क्लीनरचा फवारा एका भोकातून आत जातो आणि दुसऱ्यातून नेमका तोंडावर येतो.

दोष पेट्रोलचाच आहे ना?

किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक होत असेल तर प्रश्न बॅटरीचा किंवा सेल्फचा. काहीच आवाज नसेल तर बॅटरीबरोबर सीटखालचा स्विच, ब्रेक पेडलचा स्विच आणि ब्लेड चालू करायचा खटका बघा. सेल्फ नीट फिरत असेल तरच पुढे वाचा.

चोक लावून पाच-सहा सेकंद सेल्फ मारा आणि लगेच स्पार्क प्लग काढा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर सिलिंडरपर्यंत पेट्रोल पोचत नाही. ओला असेल आणि पेट्रोलचा वास मारत असेल तर पेट्रोल येतंय, कदाचित गरजेपेक्षा जास्त. मग आधी प्लग पुसा, गॅप बघा (ब्रिग्जच्या बहुतेक इंजिनांना ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर) आणि ठिणगी तपासा.

प्लग कोरडा निघाला तर आणखी एक चाचणी. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात कार्ब क्लीनरचा एक सेकंदाचा फवारा मारा, फिल्टर परत बसवा आणि मग सेल्फ मारा. फिल्टर न बसवता मारला तर बॅकफायरची ज्वाळा बाहेर येऊ शकते. इंजिन दोन-तीन सेकंद चालून बंद पडलं, तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन ठीक आहे, कमी पडतंय ते पेट्रोल. या कामाला ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मिळतो, पण तो वारंवार मारू नये. सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर तो धुऊन टाकतो आणि फार झटक्याने पेटतो.

याच वेळी चोकची पट्टी डोळ्यांनी बघून घ्या. बऱ्याच मोअरवर चोक आणि थ्रॉटल एकाच दांडीवर असतात. दांडी चोकच्या खुणेवर नेली की पट्टी पूर्ण मिटली पाहिजे आणि खाली आणली की पूर्ण उघडली पाहिजे. केबल क्लॅम्पमध्ये थोडी सरकली की पट्टी अर्धवट राहते, गार इंजिन उचलत नाही आणि दोष विनाकारण कार्ब्युरेटरवर जातो. एक स्क्रू सैल करून केबल सरकवली की काम होतं.

टाकीतलं पेट्रोल

पंपावरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. मोअरला ते चालतं. १५ टक्केवालं चालत नाही, आणि छोट्या इंजिनांत ते भरायला अमेरिकेत कायद्यानेही मनाई आहे. गफलत होते ती नावाने: हे पेट्रोल पुष्कळ ठिकाणी ‘अनलेडेड ८८’ म्हणून, तेही साध्या ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलपेक्षा स्वस्तात विकलं जातं. ८७ पेक्षा ८८ बरं, असा हिशेब इथे चालत नाही. न्यू जर्सीत पेट्रोल पंपावरचा माणूसच भरून देतो, त्याला ८७ म्हणून स्पष्ट सांगा. कॅन गाडीतून खाली उतरवून जमिनीवर ठेवूनच भरायचा, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका असतो.

स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं औषध) न घातलेलं पेट्रोल ३० दिवसांत उतरायला लागतं. आधी हलका भाग उडून जातो आणि त्याशिवाय गार इंजिन पेटत नाही. उरलेल्याचं हळूहळू चिकट वॉर्निश होतं. ताज्या पेट्रोलचा वास नाकात चढतो, जुन्याचा आंबूस, जुन्या रंगाच्या डब्यासारखा येतो.

वासावर न थांबता नमुना काढा. टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि दहा मिनिटं हलवू नका. ताजं पेट्रोल एकसारखं, पारदर्शक दिसतं. खाली वेगळा थर बसला, किंवा सगळंच दुधट दिसलं, तर आत पाणी आहे. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं आणि काही काळ पाणी पोटात ठेवतं, पण त्यालाही मर्यादा आहे. १० टक्के इथेनॉलचं एक गॅलन पेट्रोल साधारण २० मिलिलिटर पाणी सामावून घेतं, थंडीत त्याहून कमी. त्यापलीकडे गेलं की पाणी इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं. नळीचं तोंड तळालाच, म्हणजे इंजिनाला पहिल्यांदा तेच मिळतं. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही इथेनॉल निघून गेल्यामुळे घसरलेला असतो. असं फाटलेलं पेट्रोल कुठलीही बाटली ओतून परत जुळत नाही. पूर्ण टाकी रिकामी करा. हातपंपाने उपसा किंवा फिल्टरच्या आधीची नळी काढून कॅनमध्ये सोडा, तोंडाने ओढू नका. शेवटचा पेलाभर राहतो त्यातच पाणी आणि गाळ असतो, तो कपड्याने टिपून घ्या.

हे जुनं पेट्रोल नालीत किंवा कुंपणाच्या कडेला ओतायचं नाही. बहुतेक काउंटीत घरगुती घातक कचरा जमा करण्याचे दिवस किंवा केंद्रं असतात, तिथे द्या. कचऱ्याच्या नेहमीच्या गाडीत ते घेत नाहीत.

वीस मिनिटं चालून बंद पडतो

थंड असताना मोअर छान चालतो, वीस-तीस मिनिटांनी धापा टाकत बंद पडतो आणि थोडा वेळ थांबलं की परत चालू होतो. अशा वेळी आधी झाकण बघा. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा टाकीत यायला हवी. झाकणातलं बारीक छिद्र धूळ आणि गवताच्या भुश्शाने बुजलं की टाकीत निर्वात तयार होतो आणि पंप कितीही ओढो, पेट्रोल सुटत नाही. पुढच्या वेळी बंद पडला की सीटवरून उतरून झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज आला आणि इंजिन लगेच चालू झालं तर दोष तिथेच. झाकण धुऊन फुंकून बघा, नाहीतर बदला. अलीकडच्या मोअरमध्ये झाकण बंदच असतं आणि टाकीची हवा कार्बन भरलेल्या डब्यातून, वेगळ्या नळीने येते. तिथे ती नळी दुमडली आहे का ते बघायचं. अशा झाकणाला खिळ्याने भोक पाडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते झाकण सीटच्या अगदी जवळ असतं आणि उतारावर पेट्रोल तिथूनच बाहेर येतं.

झाकण ठीक असूनही तापल्यावरच बंद पडत असेल तर दोष प्लगला ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलचा असू शकतो. बंद पडल्याबरोबर ठिणगी तपासली की पेट्रोल की वीज, ते लगेच ठरतं.

नळी, फिल्टर, पंप

पेट्रोलचा फिल्टर पारदर्शक असतो, पण त्यात पेट्रोल अर्धंच दिसतं म्हणून तो खराब ठरत नाही. पंपवाल्या मोअरमध्ये तो पूर्ण भरत नाही, ते नेहमीचंच. तपकिरी गाळ किंवा पाण्याचा गोळा दिसला, नाहीतर वर्षभराहून जुना झाला, की बदला. नवा बसवताना बाण कार्ब्युरेटरकडे. मोटारीचा फिल्टर लावू नका, मोअरच्या अशक्त पंपाला तो जड जातो.

नळी बहुतेक मोअरना पाव इंच आतल्या व्यासाची लागते. इथेनॉलने जुन्या नळीचा आतला थर सुटतो आणि आतल्या आत झडपेसारखा मिटतो. बाहेरून नळी अगदी धड दिसते. दाबून बघा. कडक, तडकलेली किंवा फुगून लिबलिबीत झालेली नळी पूर्णच बदला, तुकडा जोडत बसू नका. इथेनॉलला चालणारी फ्युएल लाइनच मागा, पाण्याची पारदर्शक प्लास्टिक नळी काही आठवड्यांत कडक होते.

टाकी सीटखाली, कार्ब्युरेटरपेक्षा खालच्या पातळीवर असेल तर पंप असतो. जुन्या काही मोअरमध्ये टाकी बॉनेटखाली उंचावर असते, तिथे पेट्रोल उताराने येतं आणि पंप नसतो. पंप तळहाताएवढा प्लास्टिकचा, त्याला तीन नळ्या: टाकीकडून येणारी, कार्ब्युरेटरकडे जाणारी आणि तिसरी इंजिनाच्या क्रँककेसकडून (पिस्टनखालच्या, ऑइल असलेल्या पेटीकडून) येणारी. पिस्टन खालीवर होताना क्रँककेसमध्ये दाब कमी-जास्त होतो, त्याने पंपातला पातळ पडदा हलतो आणि पेट्रोल ढकललं जातं. तिसऱ्या नळीला कुठेही चीर गेली की पंप मेला. पंप बदलण्याआधी ती नळी काढून वाकवून बघा, स्वस्तातला दोष तिथे असतो.

प्रवाहाची चाचणी अशी. सगळ्या प्लगच्या वायरी काढून इंजिनाच्या धातूला टेकवून घट्ट धरतील अशा लावा. नुसत्या लोंबकळत ठेवू नका, उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी उडेल आणि कॉइलही खराब होईल. कार्ब्युरेटरकडची नळी काढून बरणीत सोडा, बरणी इंजिनापासून जितकी लांब ठेवता येईल तितकी. आता दहा सेकंद सेल्फ मारा. थांबत-थांबत पण ठसठशीत पिचकाऱ्या आल्या पाहिजेत. नुसते थेंब पडले किंवा फेस आला तर मागे जा: फिल्टरच्या आधीची नळी काढा. टाकीत पेट्रोल भरपूर असेल आणि नळीचं तोंड टाकीपेक्षा खाली धरलं तर तिथे ते पडायला लागतं. तिथे भरपूर आणि पंपानंतर काही नाही, तर पंप. तिथेही नाही, तर टाकीच्या तोंडाशी कचरा.

सोलेनॉइडचा ‘टक्’

कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीखाली एक दंडगोल आणि त्यातून एक किंवा दोन वायरी निघालेल्या दिसतील. हा सोलेनॉइड. किल्ली चालू केली की त्याचा दांडा आत ओढला जातो आणि मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, मोकळं होतं. किल्ली बंद केली की दांडा जेट बुजवतो, म्हणजे बंद करताना सायलेन्सरमध्ये बार उडत नाही. इंजिन बंद असताना किल्ली ‘ऑन’ला न्या आणि कान द्या: स्पष्ट ‘टक्’ आला पाहिजे. काही मोअरमध्ये सीटवर बसल्याशिवाय तिथे वीज येत नाही, हे लक्षात ठेवा.

टक् आला नाही तर वायर काढून मीटर लावा. १२ व्होल्टच्या आसपास दिसत असतील तर सोलेनॉइड खराब, काहीच नसेल तर फ्यूज किंवा वायरिंग. हिवाळाभर पडलेली बॅटरी सेल्फ फिरवते, पण त्या वेळी व्होल्टेज इतकं उतरतं की दांडा ओढला जात नाही. बॅटरी चार्ज केल्यावर ‘कार्ब्युरेटर आपोआप बरा झाला’ ही गंमत त्यातूनच होते. दांडा कापून टाकायची युक्ती सर्रास सांगितली जाते. मोअर त्याने चालतो, पण पेट्रोल थांबवणारी एक झडप कायमची जाते, आणि तिचा फटका कुठे बसतो ते खाली आलंच आहे.

आता कार्ब्युरेटर

इथवर सगळं ठीक निघालं तर उघडा. आधी मोबाइलवर तीन-चार बाजूंनी फोटो काढा, विशेषतः गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाची) दांडी आणि तिची बारीक स्प्रिंग कुठल्या भोकात आहे त्याचे. भोक चुकलं तर इंजिनाचा वेग बिघडतो. नळीला चिमटा लावा, सोलेनॉइडची वायर सोडवा.

पुष्कळदा कार्ब्युरेटर जागेवर ठेवून नुसती वाटी काढून भागतं. ब्रिग्जच्या बऱ्याच इंजिनांना तिचा बोल्ट किंवा सोलेनॉइड अर्ध्या इंचाच्या पान्ह्याने सुटतो. खाली कप धरा आणि वाटीत काय आहे ते नीट बघा. तळाशी पाण्याचे गोल मणी घरंगळत असतील तर तेवढं पुसून नवीन पेट्रोल भरून आधी चालवून बघा. तपकिरी, बोटाला चिकटणारा थर असेल तर जेटही तसंच भरलेलं असणार. पांढरी, खरखरीत भुकटी दिसली तर पाण्याने धातू खाल्ला आहे. ती भुकटी आतल्या वाटांतही असते, पूर्ण निघत नाही आणि थोड्या दिवसांत परत अडवते. अशा कार्ब्युरेटरवर शनिवार-रविवार घालवू नका, बदला. नवा घेताना इंजिनावर कोरलेला मॉडेल आणि टाइप नंबर द्यायचा, मोअरच्या बॉनेटवरचा नव्हे. अगदी स्वस्त नकली कार्ब्युरेटरमध्ये जेटचं माप जुळेलच असं नाही.

साफ करायचा ठरला तर फ्लोटची पिन एका बाजूने सरकवून काढा. फ्लोटबरोबर टोकदार सुई खाली येते, हरवू नका. गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक करतो तेच काम हे दोघं इथे करतात: वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि सुई वाट बंद करते. मधल्या खांबात पितळी मुख्य जेट असतं. त्याच्या खाचेत गच्च बसेल एवढ्या रुंदीचाच स्क्रू ड्रायव्हर घ्या, लहान घेतलात तर पितळ सोलवटून निघेल. जेट उजेडाकडे धरा. पूर्ण गोल उजेड दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तरी जेट अडलेलं आहे. त्यात ड्रिल किंवा टाचणी घालू नका, भोक जरा मोठं झालं की इंजिन कायम जास्त पेट्रोल पिणार. विजेच्या वायरीतला एकच तांब्याचा धागा घाला, कार्ब क्लीनरने भिजवा, परत धागा फिरवा. जेटच्या वरच्या नळीला कडेने बारीक छिद्रं असतात, तीही एकेक मोकळी करा. इंजिन कमी वेगात असताना पेट्रोल देणारी ‘कमी वेगाची वाट’ आणखी बारीक असते आणि सगळ्यात आधी तीच बुजते. प्रत्येक भोकात फवारा मारून तो दुसरीकडून बाहेर येतो का हे बघायचं. कुठूनही आला तरी चालेल, पण यायला हवा. रबराचे भाग क्लीनरमध्ये टाकू नका, ओ-रिंग फुगली की खाचेत परत बसत नाही. गॅस्केट आणि सुई नवीन टाकलेली बरी.

जोडण्याआधी कार्ब्युरेटर उलटा धरा: फ्लोट अंगाशी समांतर टेकला पाहिजे. तसाच उलटा ठेवून पेट्रोलच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून हलकं फुंका. हवा जाता कामा नये. सुलटा केला की जायला हवी. या चाचणीत सुई नापास झाली तर पुढचं काम थांबवा.

चालू झाला, पण नीट चालत नाही

वेग सारखा चढतो-उतरतो, इंजिन हेलकावे खातं, अशा वेळी मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. चोक थोडा ओढा. आवाज एकसारखा झाला तर निदान पक्कं: कमी वेगाची वाट अजून साफ झालेली नाही किंवा कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या गॅस्केटमधून हवा शिरते आहे. गव्हर्नरची स्प्रिंग ताणून हा दोष झाकू नका. बहुतेक इंजिनांचा सर्वांत जास्त वेग मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास ठरवलेला असतो आणि त्याच्या वर नेला तर ब्लेड आणि कनेक्टिंग रॉड दोन्ही धोक्यात येतात.

काळा धूर आणि प्लगवर काजळी असेल तर पेट्रोल जास्त होतंय: चोक अर्धवट मिटलेला, एअर फिल्टर भरलेला किंवा सुई गळते. डेन्व्हरसारख्या उंच गावात हवा विरळ असल्यामुळेही हे होतं, तिथे उंचीसाठीचं वेगळं जेट मिळतं.

सगळ्यात वाईट दोष आवाज न करता होतो. डिपस्टिक काढा. ऑइल खुणेच्या वर चढलंय, पातळ झालंय आणि पेट्रोलचा वास येतोय, तर मोअर चालू करू नका. सुई गळत असेल तर टाकीतलं पेट्रोल रात्रभर सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरतं. सोलेनॉइडचा दांडा कापलेल्या मोअरमध्ये त्याला अडवणारं काही उरत नाही. पंपाचा पडदा फाटला असेल तर ते तिसऱ्या नळीने क्रँककेसमध्ये जातं. ती नळी काढल्यावर पेट्रोलने ओली निघाली की पंप दोषी, कोरडी निघाली की सुई. पिस्टनच्या डोक्यावर पेट्रोल साचलं असेल तर सेल्फ एक झटका देऊन अडतो. तेव्हा पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली तर रॉड वाकतो. प्लग काढा, वायर धातूला लावा, चेहरा बाजूला ठेवून सेल्फ मारून पेट्रोल बाहेर उडू द्या. मग दोष दुरुस्त करा, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला (एक सिलिंडरला साधारण ४८ औंस, दोनला ६४, नेमका आकडा पुस्तिकेत बघा) आणि मगच चालवा. नळीत पाव इंची कॉक बसवून मोअर उभा करताना बंद करायची सवय लावली की हा प्रकार टळतो.

हिवाळ्याला ठेवताना

ताजं पेट्रोल आणून स्टॅबिलायझर घाला. लाल स्टा-बिलचं प्रमाण अडीच गॅलनला एक औंस आहे, इतर बाटल्यांवर वेगळं असू शकतं. टाकी जवळजवळ भरा, म्हणजे आत ओल धरायला हवा कमी राहते. मग दहा मिनिटं इंजिन चालवा. हे विसरलं जातं आणि मग औषध टाकीत, जुनं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये, अशी स्थिती राहते. नंतर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या आणि वाटीला ड्रेन स्क्रू असेल तर उरलेले थेंब काढून टाका. जुन्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून काही होत नाही, ते ताज्यालाच टिकवतं. बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा.